धाकट्याच्या मातीला बांगड्या फुटल्या नाहीत. पुढे काय करायचं?

कण्हेर

माझा चुलतभाऊ गेला. सत्तावीस वर्षांचा होता. आज सातवा दिवस. घरात अजून माणसांची ये-जा चालू आहे, म्हणून मागच्या पडवीत बसून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. यंदा पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आलं, म्हणून त्याने दोन एकर कांदा लावला होता. शेतीच्या फीडरला आमच्याकडे एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री. हा आठवडा रात्रीचा होता. जेवून तो मोटारीवर गेला. थ्री फेज यायला बारा वाजणार होते, तोवर मोटारीच्या खोलीत पोतं अंथरून आडवा झाला. बाराला उठला, पाणी लावलं, तीन-चार वाफे भरले.

पहाटे घरी आला तो पोट दुखतंय म्हणतच. वहिनीने ओवा-मीठ दिलं. कार्तिकाचा काकडा चालू आहे, देवळात पखवाज तोच वाजवायचा. त्या दिवशी काकड्याला पखवाज वाजला नाही तेव्हा भजनातली दोन माणसं चौकशीला आली. तो म्हणाला, "डोळं उघडं ऱ्हाईना झाल्यात." पापण्या खाली येत होत्या. जागरणाने झालं असेल असंच सगळ्यांना वाटलं. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्याला पाणी गिळता येईना, जीभ जड झाली. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि पोरं मोटारीकडे पळाली. पोतं उचललं तर खाली मण्यार.

अंगावर कुठे दंशाची खूण दिसत नव्हती. सूज नाही, रक्त नाही. पहिल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस दिली, पण श्वासाचं मशीन तिथे नव्हतं. पुढे न्यायला सांगितलं. वाटेतच गेला. वहिनी गाडीत त्याचा हात धरून होती. तिच्या दोन बांगड्या तेव्हाच तडकल्या.

शवविच्छेदनाला काका तयार नव्हते. "माझ्या पोराला फाडायचं न्हाई," एवढं एकच वाक्य धरून बसले. आमच्या पोलीस पाटलांनी त्यांना बाहेर नेऊन कट्ट्यावर बसवलं आणि अर्धा तास समजूत काढली. पंचनामा, शवविच्छेदन सगळं होऊन गाडी वेशीतून आत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सकाळपासून गावात चूल पेटली नव्हती.

तिरडी त्याच्या बरोबरीच्या पोरांनी बांधली. ज्या पोरांना मी चड्डीत पाहिलंय, ती बांबूला सुतळीचे वेढे देत होती आणि एकाला गाठच मारता येईना, हात थरथरत होते. दुसऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवून ती गाठ मारली.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. आमच्याकडे न्यायच्या आधी बाईला हिरवा चुडा भरतात, मळवट भरतात आणि मग तिरडीशी नेऊन तो चुडा फोडतात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात. वहिनी चोवीस वर्षांची आहे. मुलगी तीन वर्षांची. आतल्या घरात बायकांनी ताटात बांगड्या आणून ठेवल्या होत्या. काकू, म्हणजे त्याची आई, वहिनीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिची दोन्ही मनगटं काकूने आपल्या मुठीत धरली होती. मला वाटलं आधारासाठी धरलीत. एक म्हातारी पुढे आली, "सोड गं तिचं हात, येळ हुतोय." काकू म्हणाली, "माझं लेकरू गेलं. हिचं हात मी सोडनार न्हाई." दोघी-तिघींनी समजावलं. काकूने सोडले नाहीत. शेवटी बाहेरून हाका यायला लागल्या आणि तसंच नेलं. वहिनीच्या कपाळाला कुंकू तसंच होतं. ती वेशीपर्यंत चालत आली.

काकू काही सुधारक वगैरे नाही. सगळे उपास करते, सोवळंओवळं पाळते. आणि हेही लिहायला हवं की पंधरा वर्षांपूर्वी तिच्या जावेच्या बांगड्या फोडणाऱ्या बायकांत ती स्वतः होती. मी लहान होते, पण दाराआडून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सावडलं. रक्षा नदीला न सोडता बांधावर खड्डा घेऊन त्यात टाकली आणि आंब्याचं रोप लावलं. त्याला कुणी हरकत घेतली नाही. पण बांगड्यांचं अजून घरात घुमतंय. वहिनीच्या माहेरची काही मंडळी म्हणतायत की दहाव्याला तरी उरकून घ्या, नाहीतर त्याला गती मिळणार नाही. इथे कुणाच्या घरी असं न करता निभावलं असेल तर सांगा. त्या दिवशी काकूने हात धरले, पण रोज कोण धरणार?

दीपमाळ

कण्हेर, वाचून सुन्न झालो. त्या गाठीचं वाचल्यावर थांबावं लागलं. तुमच्या काकूंना नमस्कार सांगा.

पांढरा अ‍ॅप्रन

ताई, मनापासून वाईट वाटलं. मी ग्रामीण भागात तेवीस वर्षं दवाखाना चालवतोय. इथे वैद्यकीय बोलणं योग्य आहे का असा विचार केला, पण पुढच्या रात्रीच्या लाईटला आणखी कुणी पोतं अंथरणार आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही सांगितलं ते सगळं मण्यारचंच चित्र आहे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक असतात की कित्येकदा खूण सापडत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. माणसाला वाटतं मुंगी चावली. मग पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या पडायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं घोगरं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज आणि रक्तस्राव दिसतो, त्यामुळे लोक लवकर धावतात. मण्यारचा माणूस पोटदुखीवाला समजून परत पाठवला जातो. रात्री रानात किंवा जमिनीवर झोपलेला माणूस, सकाळी पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं जुळलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मण्यार समजायचं. मी माझ्या हाताखालच्या पोरांना हेच घोकायला लावतो.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. पण मण्यारचं विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा करून बसलं की लसीने ती इजा लगेच भरून येत नाही. तेव्हा श्वास चालू ठेवणं हाच उपचार, कधी कधी कित्येक दिवस. मशीन नसेल तर श्वास देणारा फुगा हाताने दाबत न्यावं लागतं. तुमच्या भावाला पहाटे पाचला कुणी ओळखलं असतं तर, हे मी लिहिणार नाही. घरच्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नये. त्यांच्याकडे ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. मोटारीच्या खोलीत एक बाज आणि खाली नीट खोचलेली मच्छरदाणी, ही दोन कामं मात्र त्याची वाट न पाहता या आठवड्यात करता येतील.

घोंगडी

ताई, दुःखात सहभागी आहे. पण बांगड्यांबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते इथे स्पष्ट मांडतो. राग मानू नका.

मी बासष्ट वर्षांचा आहे, अनेक मातींना गेलोय. माणूस गेल्यावर घरातल्यांना काय करावं ते सुचत नाही. तेव्हा रीत हाताला धरून नेते. आज हे, तिसऱ्याला ते, दहाव्याला ते. त्यातली एक काडी काढली की लोक त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवत बसतात. आणि ते बोट तुमच्या काकूंकडे जाणार नाही, तुमच्याकडे तर नाहीच. ते त्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे जाणार. कुंकू लावून बाजाराला गेली की बोलतील, हसली की बोलतील. पुण्यामुंबईला बसून आपण छान केलंत म्हणू, राहायचं तिला तिथेच आहे. तुमच्या घरात तिच्या पाठीशी कायम उभं राहणारं माणूस असेल तरच हे करा. अर्धवट करू नका.

कण्हेर

घोंगडीकाका, राग नाही. तुमचा शेवटचा मुद्दा मला रात्रभर टोचत होता, म्हणूनच विचारलं.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. "घरच्यांनी लावून घेऊ नये" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला सांगितलं. वहिनी आत ऐकत होती. ओव्याचा डबा तिने त्या दिवसापासून उघडलेला नाही.

काळी माती

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती. माझ्या मृत्यूनंतर माझ्या बायकोवर हे प्रकार करू नयेत, असं त्यांनी स्टँप पेपरवर लिहून ठेवलं.

घोंगडीकाका म्हणतात ते बोट दाखवणं खरं आहे. पण मी माझ्या भागात जे पाहिलं ते सांगतो. ठरावाने बायकांची मनं एका रात्रीत बदलत नाहीत. ठरावाचा उपयोग असा की नको म्हणणाऱ्या माणसाला सांगायला एक कारण मिळतं. "आमच्या गावाचा ठराव हाय" म्हटलं की पाहुण्यांचं तोंड बंद होतं, भांडण घरावर येत नाही. कण्हेरताई, तुमच्या सरपंचांशी दहाव्याच्या आधी बोला. ग्रामसभा लागेल तेव्हा लागेल, निदान दहाव्याला ते शेजारी उभे राहिले तरी फरक पडतो.

उंबरठा

मी इथे फक्त वाचते. आज लिहितेय.

माझ्या बांगड्या फोडल्या त्याला बारा वर्षं झाली. मी सव्वीसची होते. दोघींनी हात धरले होते आणि एकीने दगड मारला. काच आत गेली, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ आहे, अजून दिसते. पण त्याचं मला तेवढं नाही. तेव्हा मी शुद्धीतच नव्हते. खरं लागलं ते नंतर. धाकट्या दिराच्या हळदीला मी परात घेऊन पुढे गेले आणि सासूने काही न बोलता माझ्या हातातून परात काढून घेतली. ओरडली नाही, रागावली नाही. हळूच काढून घेतली, दुसरीला दिली. ती परात रात्रभर बसून मीच घासली होती.

कण्हेर, तुम्ही एवढं सगळं लिहिलंत. काकू काय म्हणाल्या, काका काय म्हणाले, म्हातारी, माहेरचे, पोलीस पाटील, सगळ्यांचं आलं. वहिनी काय म्हणते ते कुठेच नाही. तिला विचारलंत का? माझ्या वेळी फोडणारे होते आणि एक मामा फोडू नका म्हणणारेही होते. दोन्ही बाजूंनी मला कुणी विचारलं नाही.

कण्हेर

उंबरठाताई, नाही विचारलं. हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसले. विचारते.

निवृत्त ग्रामसेवक

या विषयावर मोठी माणसं बोलतायत, मी फक्त कागदांचं सांगतो. दुखवट्यात कागद मागे पडतात आणि नंतर बाईच हेलपाटे मारते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. या मुदतीत नोंदीला विलंब शुल्क नाही. वर्ष उलटलं तर आदेश आणावा लागतो, फार त्रास होतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहायला सांगा, एका काना-मात्रेवरून प्रकरणं अडकलेली मी पाहिली आहेत.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो. मृत्यूला २ लाख रुपये. वय १० ते ७५. जमीन वडिलांच्या नावावर असली तरी कुटुंबातला सदस्य म्हणून मुलगा बसू शकतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, महिन्याच्या आत देऊन टाका. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, वयाचा पुरावा, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. तुमच्या पोलीस पाटलांनी काकांना कट्ट्यावर बसवून समजावलं, ते फार मोठं काम केलं. सर्पदंशाला शवविच्छेदन नको म्हणणारी घरं नंतर माझ्यासमोर रडलेली आहेत. साप होता हे गाव सांगतं, पण फाइलमध्ये गावाचा शब्द चालत नाही.

दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे २० हजार एकरकमी मिळतात. संजय गांधी निराधारमधून विधवेला महिना १५०० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि तिथेच बरीच माणसं अडतात.

शेवटचं, आणि हे सगळ्यांनी वाचा. वारस म्हणून बायको, मुलगी आणि आई, तिघी पहिल्या वर्गातल्या. त्याच्या हिश्श्यावर तिघींचा सारखा हक्क. वहिनीने उद्या दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून मिळालेला वाटा जात नाही. गावात याच्या उलट सांगणारे खूप भेटतील. आणि कोऱ्या कागदावर, हक्कसोडीच्या कागदावर या दिवसांत तिची सही घेऊ देऊ नका. कोण घेईल असं वाटतं, पण घेतात.

घोंगडी

ग्रामसेवक साहेबांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

कण्हेरताई, माझं मत मी बदललेलं नाही. पण करायचंच ठरलं असेल तर दहाव्याच्या सकाळी घाटावर वाद नको. तिच्या वडिलांना आणि भावाला दोन दिवस आधी घरी बोलवा, तुमच्या काकांनी स्वतः त्यांच्याशी बोलावं. माहेरच्यांना वाटतं की आपण आग्रह धरला नाही तर सासरचे म्हणतील पोरीला वळण नाही. ती भीती काढली की ते गप्प होतात. उंबरठाताईंचं वाचलं. आमच्या घरातही एक परात आहे. जास्त लिहीत नाही.

शेवंती

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे तिरडीपुढचं विस्तवाचं मडकं, धरून पुढे सावित्रीबाई चालल्या. आम्ही शाळेत वर्षानुवर्षं त्यांच्या जयंतीला भाषणं करतो, हे वाक्य पाठ म्हणतो. माझे वडील गेले तेव्हा टिटवं धरायला मी पुढे झाले आणि त्याच शाळेतल्या गुरुजींनी मला बाजूला केलं.

त्याच दोघांनी पुण्यात १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आपल्या मातीतलीच गोष्ट आहे ही. शहरातून आलेली नाही, नवी तर नाहीच.

दीपमाळ

दहाव्याचं काय झालं, ताई? घाई नाही. सवड होईल तेव्हा.

कण्हेर

दहावा होऊन चार दिवस झाले. आज लिहायला बळ आलं.

आधी वहिनीचं. त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी तिला विचारलं. ती बराच वेळ बोटाने चटईची काडी काढत राहिली. मग म्हणाली, "ताई, मंगळसूत्र मी काढून ठेवणार हाय. माझ्या हातानं. ते त्यांचं हुतं, आता लेकीला ठिवीन. बांगड्या ऱ्हाऊ द्या, हात मोकळं आसलं की मला कायतरी इसरल्यागत हुतंय. टिकली मला ठावं न्हाई अजून. आन् मला मोटार चालू करायला शिकवा. कांदा वाळून चाललाय." मी तिथे बसून रडले आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

मंगळसूत्र राहावं म्हणून मी आतल्या आत भांडत होते. तिला ते नको आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

घोंगडीकाकांनी सांगितलं तसं काकांनी तिच्या वडिलांना आधी बोलावलं. दोघं परड्यात बाजेवर बसले होते. काय बोलले माहीत नाही, बराच वेळ दोघंही गप्पच दिसत होते. दहाव्याला तिचा भाऊ दुखवट्याचं लुगडं घेऊन आला. पिशवीत दोन होती, एक पांढरं आणि एक जांभळ्या काठाचं. त्याने दोन्ही काकूपुढे ठेवली. काकूने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जांभळ्या काठाचं उचललं.

घाटावर मात्र अवघड झालं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एक तास झाला, ऊन चढलं. पुरुष माणसं एकेक करून पुढे होऊन हात जोडून सांगत होती, पोरीचं शिक्षण करू, आईबापाला सांभाळू, कांद्याची काळजी करू नको. कावळे झाडावर बसून होते, खाली येत नव्हते. मग भावकीतले एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बायकूचं सौभाग्य तसंच ठिवलंय, त्यो कसा जाईल?" सगळा घाट गप्प. काका पाण्यात उभे होते. त्यांच्या पायातलं बळच गेलं, पुढच्याने धरलं म्हणून पडले नाहीत. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन हे वहिनीवर पडणार.

विधी करणारे गुरुजी उठले. म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, त्याची सोय आहे, रोज कुठे ना कुठे करावा लागतो, आणि याचा घरातल्या बाईशी काही संबंध नाही. दर्भ वळला, शिवला, विधी पुढे नेला. सरपंच आले होते, तेही आजोबांच्या शेजारी जाऊन बसले. भांडण झालं नाही. पण ते वाक्य गावात फिरलंय. चार दिवसांत तीन जणींच्या तोंडून माझ्या कानावर आलं. काकू आता रात्री उठून बसते. काल मला विचारत होती, "खरंच आडकला आसंल का गं त्यो?" मी नाही म्हटलं. माझं नाही तिला पुरलं असं वाटत नाही.

उंबरठा

काकूंना सांगा, माझ्या बांगड्या फुटल्या होत्या, कुंकू पुसलं होतं, सगळं रीतीने झालं होतं. तरी आमच्याही पिंडाला कावळा शिवला नव्हता. दर्भाचाच लावला होता.

कण्हेर

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद काकूला वाचून दाखवला. ती उठून आत गेली आणि तुमच्यासाठी काहीतरी द्यायचंय म्हणून शोधत बसली. पत्ता नाही म्हटलं तर म्हणाली, मग नुसतं सांग तिला की ऐकलं मी. सांगितलं.

काळी माती

संक्रांत झाली, म्हणून विचारतो. घरचे कसे आहेत?

कण्हेर

बरे आहेत म्हणवत नाही, पण चाललंय. संक्रांतीला भोगीच्या दिवशी दोन घरांतून वहिनीला बोलावणं आलं. बाकी घरांतून आलं नाही. एका घरात काकू स्वतः तिला घेऊन गेली, तिथे त्या बाईने वहिनीला हळद लावली, कुंकवाच्या वेळी तिचा हात कोयरीवर थांबला. वहिनीनेच "ऱ्हाऊ द्या" म्हटलं आणि तिळगूळ घेतला. दुसऱ्या घरी ती गेली नाही. टिकली कधी लावते, कधी नाही. काकू त्यावर काही बोलत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या जावेला मात्र काकूने संक्रांतीला घरी बोलावलं, ओटी भरली. जाऊ आली, बसली, चहा घेतला. दोघी फारसं बोलल्या नाहीत.

ग्रामसभेचा ठराव अजून झालेला नाही. विषय घेतलाय असं सरपंच म्हणतात. अपघात योजनेचा अर्ज वेळेत दिला, पण व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीला काढून ठेवलेल्या अवयवांचा, अहवाल आलेला नाही, त्यामुळे तो तिथेच आहे. वारसनोंदीत तिघींची नावं लागली.

वहिनी मोटार चालवायला शिकली. पहिल्या दिवशी स्टार्टरचं हिरवं बटण दाबताना दचकून मागे सरली, काकांनी दोनदा दाखवलं. मोटारीच्या खोलीत आता बाज आहे, डॉक्टरांनी सांगितली तशी मच्छरदाणी आहे आणि दाराखालची फट सिमेंटने बुजवली. पोतं काकांनी जाळलं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात काका आणि ती दोघं जातात. त्याचे गमबूट तिला मोठे होतात, आत जुनं फडकं कोंबून घालते. नवे आणू म्हटलं तर नको म्हणाली, म्हणून आणले नाहीत. या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, त्यामुळे घरात जरा निवांत आहे.